अठरा किलोमीटरचा फेरा: झाडांच्या खुणांनी जंगल कसं चालायचं

ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतायचं असेल तर माणूस सहसा चुकत नाही, कारण सकाळची झाडं संध्याकाळी पुन्हा भेटतात. गोल फेऱ्यात तसं नसतं. गावाची कमान दिसेपर्यंत प्रत्येक वळण नवं, आणि पाय थकत जातात तशी वाटही अंधुक होत जाते. म्हणून फेऱ्याची तयारी वेगळी करावी लागते. ती कशी करायची ते आमच्या गावच्या फेऱ्यावरून सांगते.

मी कुरखेडा तालुक्यातली, जिल्हा गडचिरोली. मे महिन्यात गावच्या तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागी, मुंशी असते, बाकी वर्ष धानाची शेती. 70 पानांचा एक पुडा, असे पुडे मोजता मोजता डोळ्याला पानाची सवय लागते. माझा भाचा नागपूरला नोकरीला आहे. दिवाळी झाली की तो मित्रांना घेऊन येतो, "मावशी, चाल ना जंगलात" म्हणतो, आणि मग ही वरात घेऊन मी नाहीतर आमचे वन व्यवस्थापन समितीतले एक काका पुढे निघतो. गावापासून गावापर्यंत अठराएक किलोमीटर. शहरातली धडधाकट पोरं आठ-नऊ तासांत करतात. आमच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन याहून लवकर करतील, पण त्या दर वीस पावलांवर फोटो काढत नाहीत.

आधी परवानगीचं बघा. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, मेळघाटचा गाभा, इथे मनाला येईल तसं पायी भटकणं कायद्याने बंद आहे. तिथे जिप्सी, नाहीतर वनविभाग ठरवून देईल ती पायवाट, तीही वाटाड्यासोबत. राखीव जंगलात न विचारता शिरलात तर 1927 च्या वन कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. आमच्याकडे मात्र सामूहिक वनहक्काचं जंगल आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या हद्दीतलं जंगल सांभाळायचा हक्क दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला तो 2009 मध्ये मिळाला, सुमारे 1,800 हेक्टरचा. 27 एप्रिल 2011 ला त्यांना बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक मिळालं तेव्हा दिल्ली-मुंबईचे मंत्री गावात आले होते. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी दावे केले, मंजूर करून घेतले. तेव्हा अशा जंगलात यायचं तर ग्रामसभेला विचारायचं. आठ-दहा दिवस आधी फोन करा, किती जण येणार, बाया किती, पुरुष किती, कोणत्या तारखेला, ते सांगा. गाव म्हणेल तो वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी आधी बोलून घ्या. बीटच्या वनरक्षकाच्या कानावर घाला. जवळच्या पोलीस मदत केंद्रातही सांगून ठेवा आणि आधार कार्ड खिशात असू द्या. हा गडचिरोली जिल्हा आहे. पाठीवर मोठी पिशवी घेऊन अनोळखी माणसं जंगलात शिरताना दिसली की चौकशी होणारच, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

वाटाड्या असला तरी स्वतःला वाट कळली पाहिजे, हे माझं ठाम मत. पुढच्याच्या टाचेकडे बघत चालणारा माणूस घरी जाऊन काय सांगणार? आणि वाटाड्याचाच पाय मुरगळला तर?

मोबाइलवर नकाशा आधी उतरवून ठेवा. नेटवर्क नसलं तरी उपग्रहाचा ठिपका दिसतो. पण तो ठिपका दऱ्या-खोऱ्यात कधी इकडे तर कधी तिकडे उडी मारतो आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. खरे मैलाचे दगड म्हणजे झाडं. मिश्र जंगल वरवर बघता सारखंच हिरवं दिसतं, पण झाड माती बघून, पाणी बघून, उतार बघून उभं राहतं. एका फेऱ्यात कुठल्या झाडानंतर कुठलं झाड येतं हा क्रम पाठ केला की आपण कुठे आहोत ते डोळे आपोआप सांगतात. मी भाच्याच्या मित्रांना आदल्या रात्री चुलीजवळ बसवून हा क्रम म्हणायला लावते. हसतात, पण म्हणतात.

आमचा क्रम असा. पहिले दोन किलोमीटर पांदणीने, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे वाफे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळस, बाभूळ, बोर. नोव्हेंबरात धान उभा असतानाच त्यात लाखोळी टाकलेली असते, तेव्हा शॉर्टकट म्हणून बांधीतून चालू नका, धुऱ्यावरून एकामागे एक चला. बोडी, म्हणजे लहान तळं, ओलांडली की झुडपी सुरू होते. सातबाऱ्यावर झुडपी जंगल म्हणून नोंद असलेली ही जमीन, खुरटी, काटेरी, गुरांनी कुरतडलेली. इथे कुडा, भराटी, आणि गराडी. गराडी नीट ओळखून घ्या. गोल, गुळगुळीत पान. आजूबाजूचं सगळं गुरांनी साफ केलेलं असतं आणि गराडी तेवढी हिरवीगार उभी असते, कारण ती विषारी आहे. तिची काडी दातात धरू नका, पान पाण्यात टाकू नका, पत्रावळीला लावू नका.

झुडपीत वाटा फार फुटतात आणि शहरातला माणूस पहिल्यांदा इथेच भरकटतो. खूण सांगते. गुरांची वाट रुंद आणि मळलेली असते, पण ती पंख्यासारखी फाटत जाते आणि चराईच्या जागी विरून जाते. रानडुकराची वाट गुडघ्याएवढ्या बोगद्यातून जाते, वरती फांद्या जशाच्या तशा. माणसाची वाट बघायची तर खाली बघूच नका, डोक्याच्या उंचीला बघा. तिथल्या फांद्या मोडलेल्या, कोयत्याने छाटलेल्या असतात, कारण मोळी डोक्यावरून न्यायची असते. जिथे कपाळाला फांदी लागायला लागली तिथून वाट आपली नाही, परता.

चौथ्या किलोमीटरला मुरमाड चढ लागतो. लाल मुरूम, पातळ माती, पाणी टिकत नाही. इथे सालई, धावडा, भेरा, मधूनच कुलूचं पांढरंफटक झाड. सालईची साल कागदासारखी सुटते आणि बोटाला डिंकाचा वास लागतो. धावड्याची पानं थंडीत तांबूस होतात, उतारच्या उतार तांबूस दिसला की समजा इथे धावडाच. सकाळी साडेआठच्या आत या चढाला लागलात तर बरं, कारण उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि तोवर त्यावर सावली असते. फेरा कोणत्या बाजूने धरायचा हे असंच ठरवायचं. चढ सावलीत, दाट खोरं डोक्यावर ऊन असताना, आणि उघडी जागा शेवटी. उलट बाजूने गेलात तर अंतर तेवढंच, पण चढ दुपारच्या उन्हात आणि बांबूचं खोरं तिन्हीसांजेला. तसं करू नका.

चढ संपला की पठार. सहा ते नऊ किलोमीटर. माती जरा खोल होते आणि झाडं एकदम वाढतात: मोह, तेंदू, चार (चारोळीचं झाड), येन, बिजा, आवळा, बेहडा. फेऱ्यातला सर्वांत श्रीमंत भाग हाच. मोहफूल, टोळी (मोहाची बी), चारोळी, तेंदूपत्ता, आवळा, गावाचं अर्ध्या वर्षाचं मीठ-मिरची इथूनच येतं. म्हणून इथे सावकाश चाला आणि दोन झाडं जवळून बघा. येन आणि तेंदू. लांबून दोघांची साल काळी आणि भेगाळलेली, नवा माणूस हमखास गोंधळतो. तेंदूची साल कोळशासारखी काळी, भेगांचे चौकोन लहान आणि टणक. येनाचे तुकडे लांबट, जाड, मगरीच्या पाठीसारखे. तरीही शंका राहिली तर येनाचं पान उलटं करा. देठाजवळ, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, दोन बारीक गाठी हाताला लागतात. तेंदूच्या पानाला त्या नाहीत. तेंदूचं पान बोटात धरून दुमडलं की चामड्यासारखं वळतं, मोडत नाही. विडी वळायला तेच लागतं. फडीवर मी पान हातात घेतलं की आधी दुमडूनच बघते, आणि आमचे लोक "मुंशीबाई, पुरे करा ना आता तपासनी" म्हणून वैतागतात.

बिज्याच्या खोडाला कुठे घाव बसला असेल तर लाल रस वाहून सुकलेला दिसतो. बघा, पण तो बघायला म्हणून नवीन घाव घालू नका. मागे एका पाहुण्याने चाकू काढला होता, त्याला आमच्या काकांनी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पठारावर आमचा पेनठाणा, म्हणजे देवांचं ठिकाण, आहे. दगड, मातीचे घोडे, जुन्या मोठ्या झाडांचा पुंजका. चपला-बूट बाहेर, फोटो विचारून, आणि तिथलं पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. बायांनी कुठपर्यंत जायचं याचे प्रत्येक गावाचे नियम वेगळे आहेत. मला काही पटतात, काही पटत नाहीत, पण पाहुण्याने तो वाद तिथे उभं राहून घालू नये.

नववा किलोमीटर संपताना पठाराची कड येते आणि खाली बांबूचं खोरं दिसतं. फेऱ्याची नाडी इथे आहे. इथपर्यंत मागे फिरणं जवळ पडतं, इथून पुढे गेलात की पुढे जाणंच जवळ. म्हणजे ही शेवटची जागा, जिथे ‘परत जाऊ’ म्हणायला अर्थ आहे. नियम एकच ठेवा: दुपारी बाराच्या आत कडेवर पोहोचलो तर खाली उतरायचं, नाहीतर इथेच जेवून आल्या वाटेने परत. डिसेंबरात आमच्याकडे साडेपाचला सूर्य मावळतो आणि खोऱ्यात साडेतीनलाच संध्याकाळ होते. कोणाच्या टाचेला फोड आलाय, कोणाचं पाणी अर्ध्याखाली गेलंय, कोणी गप्प गप्प झालंय, हे सगळं कडेवर थांबून विचारा. गप्प झालेल्या माणसाला आधी विचारा. बडबड करणारा थकला तरी सांगतो, गप्प माणूस खोऱ्यात जाऊन बसकण मारतो. कोणत्याही दुसऱ्या जंगलात फेरा आखलात तरी अशी एक जागा आणि तिची एक वेळ कागदावर लिहून ठेवा, आणि घरी राहणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा.

खोऱ्यातला बांबू दोन जातींचा. मानवेल बारीक, भरीव, त्याचे रांझे, म्हणजे बेटं, सुटे सुटे. काटंग जाड, पोकळ आणि नावासारखाच काटेरी. त्याचा काटा कॅनव्हासच्या बुटातून आत जातो, तेव्हा बूट जाड तळव्याचेच घाला. त्याहून वाईट म्हणजे तोडलेल्या बांबूचे खुंट. कोयत्याने तिरपा घाव बसलेला असतो, वर पानांचा थर, आणि आत भाल्यासारखं टोक. इथे कोणी घसरत उड्या मारत उतरायचं नाही. पुढच्या माणसाने काठीने पाला बाजूला सारत चालायचं. माहुलवेलीचे दोर वाटेवर आडवे आलेले असतात, हिची मोठी दुहेरी पानं पत्रावळीला नेतात. आणि कुहिली. नोव्हेंबरपासून तिच्या सोनेरी लव असलेल्या शेंगा वेलीवर लटकतात, दिसायला मखमली. हात लावलात तर दिवसभर खाजवत बसाल. लव लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटून काढा, मग धुवा. चिकटपट्टीचा एक लहान रोल त्यासाठीच पिशवीत असावा.

खोरं संपलं की नाला लागलाच पाहिजे, आणि नाल्याआधी त्याची झाडं: कहू, जांभूळ, करंज, उंबर. कहू म्हणजे अर्जुन, पांढरट गुळगुळीत खोड, लांबून चमकतं. आता क्रमाचा उपयोग कसा ते बघा. बांबू संपला आणि समोर कहूऐवजी सालई-धावडा आला, पायाखाली पुन्हा लाल मुरूम, तर तुम्ही उजवीकडच्या सोंडेवर चढलात. मागे या. बांबू संपला आणि थेट सागाच्या सरळ रांगा आल्या, एकाच वयाचे, एकाच जाडीचे, तर ते जुनं रोपवन आहे, शेजारच्या गावच्या हद्दीतलं. तिथून पुढे डांबरी रस्ता लागतो खरा, पण आमच्या गावापासून फार लांब. तिथेही मागे या. वाट हरवली असं वाटलं तर शेवटचं ओळखीचं झाड जिथे होतं तिथपर्यंत परतायचं, तिरपं कापत जायचं नाही. हद्दीचे दगडी मुनारे आणि खोडावर रंगवलेले कक्ष क्रमांक (वनविभागाने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांचे नंबर) दिसतील त्यांचे फोटो काढत चला. काही झालं आणि फोन लागला तर "मोठ्या झाडाखाली आहोत" म्हणण्यापेक्षा कक्ष क्रमांक सांगितलात तर वनरक्षक थेट येतो. आणि जाळरेषेच्या, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या पट्टीच्या, मोहात पडू नका. 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरतात, त्याआधी या पट्ट्या साफ करून जाळलेल्या असतात. चकचकीत रस्ता वाटतो, पण तो कक्षाच्या कडेने नाकासमोर जातो आणि तुम्हाला दुसऱ्याच टोकाला सोडतो.

नाल्यात वाहतं पाणी जानेवारीपर्यंत असतं. पुढे रेतीत झिरा उकरून गावकरी पाणी काढतात, स्वच्छ दिसतं, आम्ही पितो. तुम्ही पिऊ नका, पोटाला सवय नाही. माणशी 3 लिटर पाणी घरून भरून न्या. कहूच्या उंच फांद्यांवर आग्या मोहोळ असतं. तिथे विडी पेटवू नका, अत्तर-स्प्रे मारून येऊ नका, दगड मारणारा भाचा असेल तर त्याला मधे चालवा. माशा उठल्याच तर तोंड-मान कपड्याने झाकून पळा, झाडीत घुसा, पाण्यात बुडी मारू नका. माशा वर घिरट्या घालत थांबतात.

त्यानंतर अडीच किलोमीटर साग. खोल माती, सपाट वाट, आणि पायाखाली वाळका पाला. जानेवारीनंतर सागाचा पाला एवढा वाजतो की दहा माणसं चालली तर दुसरं काही ऐकूच येत नाही. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी सगळ्यांनी एकदम थांबायचं, कान द्यायचा, मग पुढे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सागाच्या पानांची जाळी झालेली दिसेल, शिरा तेवढ्या उरलेल्या. झाड मेलं नाही, अळीने खाल्लंय, पुन्हा फुटेल. शेंड्याचं कोवळं पान तळहातावर चोळा, हात लाल होतो. पोरांना हे फार आवडतं. खरे म्हातारे साग बघायचे असतील तर आलापल्लीला वेगळी चक्कर करा. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून राखलेला तुकडा आहे, 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ केलं. तिथे लांब चालणं नाही, मान वर करून उभं राहणं आहे.

साग संपला की मालगुजारीच्या काळातला तलाव, त्याची पाळ, आणि पाळीवरून गाव. पाळीवर बसून पाय मोकळे करा, पाणपक्षी बघा. इथे घाई नको, उजेड शिल्लक असतो.

जनावरांचं आता सांगते, कारण सगळे तेच विचारतात आणि चुकीचं विचारतात. "वाघ दिसेल का?" म्हणतात. मी म्हणते, न दिसो बाप्पा. 2022 च्या ऑक्टोबरात वडसा वनविभागात सीटी-1 वाघ पकडला तोवर वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागात मिळून 13 माणसं गेली होती. आमच्यासाठी ही बातमी नव्हती, शेजार होता. त्यातून जे शिकलो ते असं. उजाडल्याशिवाय जंगलात पाय नाही, साडेसहाच्या आत तर नाहीच. कमीत कमी चौघं, जास्तीत जास्त दहा. एकटं मागे राहायचं नाही. वाकून किंवा उकिडवं एकट्याने बसायचं नाही. वाघाला उभा माणूस वेगळा दिसतो आणि वाकलेला वेगळा, मोहफूल वेचणाऱ्या, गवत कापणाऱ्या बायांवर हल्ले होतात ते त्यामुळेच. शौचाला जायचं तर दुसऱ्याने जरा अंतरावर पाठ करून उभं राहायचं. लाजायला गावात वेळ आहे. ग्रामसभेने त्या आठवड्यात "नका येऊ" सांगितलं तर तिकीट काढलंय म्हणून हट्ट धरू नका.

अस्वलाची भीती आम्हाला वाघाहून जास्त वाटते. त्याला नीट दिसत नाही, वारुळ उकरण्यात गुंग असला की ऐकूही येत नाही, आणि अचानक समोर आलात तर घाबरून तोंडावर झडप घालतो. म्हणून खोऱ्यात आणि मोहाखाली बोलत चाला, काठी खोडावर आपटा. मार्च-एप्रिलात मोहफूल पडतं तेव्हा पहाटे झाडाखाली तोच असतो. तसंही त्या दिवसांत फेरा नकोच.

हत्ती हा नवा विषय. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात उतरला आणि तेव्हापासून कुरखेडा, कोरची, अर्जुनी मोरगाव असा फिरत असतो. आज कुठे आहे ते वनरक्षकाला आणि गावाला विचारल्याशिवाय निघू नका. ताजी लीद, मोडलेला बांबू, तुडवलेला धान दिसला की फेरा तिथेच संपला, परत. फोटोसाठी जवळ जाणाऱ्याला आम्ही पुन्हा गावात घेत नाही. आणि मोहाची दारू पिऊन किंवा पिशवीत घेऊन जंगलात शिरू नका. हत्तीला मोहाचा वास लांबून कळतो.

साप थंडीत कमी दिसतात, पण उन्हाला येऊन पडतात. दगडावर, ओंडक्यावर न बघता बसू नका. चावलाच तर ब्लेड, दोरी, तोंडाने ओढणं, मांत्रिक, काही नाही. पाय हलू न देता झोळीत घालून रस्त्यापर्यंत न्यायचं, 108 ला फोन, आणि कुरखेड्याचं सरकारी रुग्णालय. झोळीसाठी एक जुनं मजबूत लुगडं मी कायम सोबत ठेवते. दोन बांबूंना बांधलं की डोली तयार, आणि एरवी तेच जेवायला अंथरायला. वनविभागाचा मदत क्रमांक 1926, पोलिसांचा 112. नंबर फोनमध्ये तर ठेवाच, कागदावरही लिहा.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात नाला एका तासात कमरेएवढा होतो. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या वर जातो, शिवाय सगळं गाव तेंदूवर असतं, तुम्हाला बघायला कोणाला सवड नसते, मला तर अजिबात नाही.

जेवण साधं न्या. तांदळाची भाकर, जवसाची चटणी, कांदा, गूळ-फुटाणे. चटणीला तेल जास्त घाला, भाकर कोरडी पडत नाही. पुड्यांमधले चिप्स आणाल तर रिकामी पुडी परत तुमच्याच खिशातून गावात आली पाहिजे, आमच्या समितीचे काका मोजतात. पूर्ण बाह्यांचा मातकट रंगाचा सदरा, जाड पॅन्ट मोज्यात खोचलेली, टोपी, शिटी, आणि एक टॉर्च, लागणार नाही असं धरून चाललात तरी. काठी गावातच मिळेल, विकत घेऊन येऊ नका.

परतल्यावर हजेरी घ्या, ज्याला निघताना सांगितलं त्याला पोहोचल्याचं सांगा. नाहीतर गावची पोरं टॉर्च घेऊन तुम्हाला शोधायला निघतात आणि तुम्ही वडशाच्या हॉटेलात चहा पीत असता. गोचीड काखेत, कमरेच्या नाडीखाली, गुडघ्यामागे शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल-बिकेल लावू नका. वडसा स्टेशनला जाणाऱ्या एसटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम करा. थंडीत आसपास कुठे ना कुठे झाडीपट्टीचं नाटक लागलेलंच असतं, ते रात्रभर चालतं, थकलेल्या पायांना बसायला जागा मिळते.

रात्री मच्छरदाणीतच झोपा. आमच्या जिल्ह्यात हिवतापाचे रुग्ण खूप असतात. घरी गेल्यावर महिन्याभरात थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा, आणि गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलो हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी त्यांना सांगा.